वाडीच्या दारातला एअर व्हॉल्व्ह

दुरुस्त केलेला एअर व्हॉल्व्ह आठवड्याच्या आत पुन्हा गळू लागला, तेव्हा मी तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो. मी पाणीपुरवठा विभागात उपअभियंता होतो. संताप आला की लिहायचे आणि कलमासह लिहायचे, ही माझी पद्धत.

जलवाहिनीत पाण्याबरोबर हवाही शिरते. ती कोंडली, तर पाणी पुढे सरकत नाही. म्हणून उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतात. त्यातला गोळा हवेला बाहेर जाऊ देतो आणि पाणी वर येताच भोक बंद करतो. पनवेलबाहेरच्या एका वाडीजवळ कोणीतरी त्या भोकातून काडी खुपसून गोळा दाबून ठेवत असे. कारंजे दिवसभर उडे आणि वाहिनीच्या टोकाला असलेल्या सुकापूरच्या सोसायट्या टँकर मागवत.

आरोपींची नावे हवीत म्हणून मी स्वतः वाडीवर गेलो. वीटभट्टीवर कामाला जाणारी एक बाई कारंज्याखाली हंडा भरत होती. मी नाव विचारले.

“बायजी. लिवा. पन हंडा भरू द्या आदी.”

ही चोरी आहे, पोलीस केस होईल, असे मी तिला बजावले.

“आमच्या दारावरनं पाइप गेला, आमाला थेंब नाय. ही कुनाची चोरी, सायेब?”

रीतसर अर्ज का केला नाही, या माझ्या प्रश्नावर ती हसली. “केला ना. तुमचा मानूस बोलला, जागेचा कागद आना. कागद असता त आमी हितं रायलो असतो काय?”

कार्यालयात परतून मी नियमावली उघडली. जागेचा कागद खासगी जोडणीसाठी लागतो. सार्वजनिक नळासाठी लागत नाही. वाडीचा अर्ज सार्वजनिक नळासाठीच होता; ज्या अटीवर तो फेटाळला होता, ती अट त्याला लागूच नव्हती. माझा संताप तसाच राहिला, फक्त त्याचा पत्ता बदलला. वाडीला सार्वजनिक नळ द्यावा, असे पत्र मी कार्यकारी अभियंता साहेबांना दिले.

साहेबांनी दरम्यान स्वतःचा उपाय योजला होता : संपूर्ण व्हॉल्व्ह काँक्रीटमध्ये गाडायचा. मी लेखी हरकत घेतली की, व्हॉल्व्ह हे वाहिनीचे नाक आहे, ते बुजवू नये.

“तुमची पत्रं वाचू, की शहराला पाणी देऊ?” साहेब म्हणाले आणि काँक्रीट ओतले गेले.

पुढच्या पाणीपाळीला सुकापूरला पाणी कमी आले नाही, आलेच नाही. उंचवट्यावर हवा कोंडली होती. सोसायट्यांतल्या महिला रिकाम्या बादल्या घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये बसल्या. साहेबांनी मला आत बोलावले आणि प्रथमच ‘बसा’ म्हटले.

“काँक्रीट फोडा,” मी म्हणालो, “आणि वाडीला सार्वजनिक नळ द्या. नाहीतर काडी पुन्हा येईल.”

“बेकायदा वस्तीला?”

“ते महसूल खातं ठरवेल. आपण पाणी खातं आहोत.”

“लेखी देता?”

“दिलंय. हवं तर आणखी एक देतो.”

“नको, नको,” साहेबांनी घाईने पेन उचलले. “त्यापेक्षा सही करतो.” बादल्यांच्या बाजूने हशा पिकला.

काँक्रीट फोडले, व्हॉल्व्ह नवा बसवला आणि वाडीत मीटरसह नळ उभा राहिला. बायजीने तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि मला म्हणाली, “बेस हाय. पन आदी कागद मागत हुता, तवा ह्यो कायदा कुटं गेलता?” तिच्याविरुद्धचा मसुदा मी त्याच दिवशी फाडला.

सुकापूरला पुरेशा दाबाने पाणी मिळू लागले. पूर्वी कारंज्यातून जेवढे पाणी मातीत जात असे, त्याच्या तुलनेत सारी वाडी वापरत असलेले पाणी किरकोळ निघाले. गळतीच्या तक्त्यात ‘चोरी’ हा रकाना भरणाऱ्या अभियंत्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे : काम झाल्यावर तोटी माणूस बंद करतो, खुपसलेली काडी कोणीही काढत नाही.