फक्त ऐकणारी माणसं

मी काय काम करते असं कुणी विचारलं की माझा नवरा सांगतो, "फोन उचलते." चूक काहीच नाही त्यात. नाशिकमध्ये कुणाच्या घरात आग लागली, कुणी जिन्यावरून गडगडलं, कुणाच्या छातीत कळ आली की लोक जो नंबर फिरवतात तो एका खोलीत वाजतो, आणि त्या खोलीत मी गेली चौदा वर्षं बसते. कोणत्या खात्यात ते सांगत नाही; खातं आधीच फार हळवं आहे. खोलीला मात्र एसी आहे. हा एसी पुढे माझ्या प्रकृतीचा मुख्य पुरावा ठरला.

निम्मे फोन लाईट कधी येणार हे विचारायला येतात. एक गृहस्थ दर रविवारी मटणाचं दुकान उघडलं का ते विचारायचे; नाही सांगितलं तर सरकारला शिव्या घालायचे. उरलेल्या फोनवर खरोखर संकटातली माणसं असतात. त्यांना तीन प्रश्न विचारायचे, कुठे, काय झालं, किती जण, आणि गाडी रवाना करून पुढचा फोन घ्यायचा. एवढंच.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका सकाळी, पेठ रोडकडून एका आजोबांचा फोन आला. बायको आंघोळीला जाऊन अर्धा तास झाला होता, दाराला आतून कडी होती आणि ती हाकेला ओ देत नव्हती. बाथरूममध्ये गॅसचा गिझर. मी गाडी पाठवली. त्यांना सिलिंडर बंद करायला सांगितला, तो त्यांनी केला. दार तोडा म्हटलं, तर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शेजारीपाजारी कामावर गेलेले. आता नियमाप्रमाणे माझं काम संपलं होतं, पण ते फोन ठेवेनात. दर थोड्या वेळाने विचारायचे, "बाई, आहात ना?" मी म्हणायचे, "आहे, आजोबा."

मधल्या वेळात ते दाराशी बोलत होते. गाडी निघालीय गं, असं तिला सांगत होते. चहा उतू गेला पण काळजी करू नकोस, ओटा मी पुसतो, असंही. मग जिन्यावर पावलं वाजली, माणसांचे आवाज आले, दार फुटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

माझ्या स्क्रीनवर 'कॉल पूर्ण' अशी हिरवी अक्षरं उमटली. पुढचा फोन होता गच्चीवर माकड येऊन डिश अँटेना हलवतंय म्हणून. मी त्या गृहस्थांशी इतक्या सौजन्याने बोलले की मला पुरस्कारच द्यायला हवा होता. आजींचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आम्हाला ते कधीच कळत नाही. विचारायला बंदी नाही, पण विचारायची पद्धत नाही.

आठवडाभर काहीच झालं नाही. मग मी कणीक मळता मळता एकदम मोठ्याने "आहे" म्हणाले. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. मग हे वाढलं. भाजी बाजारात उभी असताना माझ्या तोंडून "आहे, आहे" निघालं, आणि भाजीवाल्या मावशींनी ते होकार समजून मेथीच्या चार जुड्या पिशवीत कोंबल्या. दोन दिवस घरात मेथीच होती. फोनची रिंग वाजली की तळव्यांना घाम सुटायचा. घरी असताना मी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवू लागले. तिथे आवाज कमी येतो, हा माझा शोध. नणंदेने तीनदा फोन केला, मी उचलला नाही. त्यावरून सगळ्या नातेवाइकांत माझ्या माजाची चर्चा झाली. दिवसभर परक्यांचे फोन घेते आणि घरच्यांचे घेत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी बिनतोड होतं.

कामावर मी साहेबांना सांगितलं की मला कुणाशी तरी बोलायची गरज वाटते. साहेब भले माणूस. ते म्हणाले, "मॅडम, गाडीवरच्या पोरांचं मी समजू शकतो. ती मढी उचलतात. तुम्ही तर एसीत बसता." तरी त्यांनी समुपदेशनाचा फॉर्म काढून दिला. त्यात एक रकाना होता: घटनास्थळी हजर होता का? मी बराच विचार करून 'कानाने' असं लिहिलं. फॉर्म परत आला. त्या शब्दाखाली लाल रेघ मारून कुणीतरी 'हो किंवा नाही लिहावे' असा शेरा दिला होता.

त्याऐवजी आमच्यासाठी तणावमुक्तीचं शिबिर झालं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक उत्साही व्याख्याते आले. त्यांनी आम्हाला हात वर करून हसायला लावलं, शेजारच्याला मिठी मारायला लावली (माझ्या शेजारी साहेबच होते, आम्ही दोघांनी नमस्कारावर भागवलं) आणि शेवटी सगळ्यात मोठा उपाय सांगितला: तणाव आला की फोन बंद करून टाका. समोर बसलेले आम्ही सगळे आणीबाणीचे फोन घेणारे. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या, कारण त्यानंतर जेवण होतं.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते निफाडकडच्या एका खेड्यातले, तोफखान्यात नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही राहतो देवळाली कॅम्पात. आमच्या सोसायटीत त्यांचा मान असा की सव्वीस जानेवारीला त्यांच्याशिवाय झेंड्याची दोरी कुणी ओढत नाही. भाषणात दरवर्षी त्यांनी किती तोफा डागल्या त्याचा आकडा वाढतो. ते ऐकून घेतात, जिलेबी खातात आणि घरी येऊन टीव्ही लावतात, आवाज पूर्ण बंद करून. रेडिओ घरात चालत नाही. कान गेलेत असंच आम्ही धरून चाललो होतो. नवऱ्याने चांगलं महागाचं कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी कपाटात घड्याळाशेजारी ठेवलं आणि रोज त्याच्यावरची धूळ पुसली.

नवऱ्याचं म्हणणं असं, की बाबांनी एवढं सोसलं, ते बघ कसे गप्प असतात. म्हणजे मीही गप्प असावं. सीमेवरच्या माणसापुढे माझ्या एसीचा काय टिकाव लागणार.

एका दुपारी मी भाकऱ्या करत होते आणि डब्यात फोन वाजायला लागला. मी परातीतला हात तसाच धरून उभी राहिले. सासरे बाहेरच्या खोलीतून उठून आले. बहिऱ्या माणसाने पिठाच्या डब्यात वाजणारा फोन ऐकला, हे मला नंतर सुचलं. त्यांनी झाकण काढलं, फोन पंच्याने पुसला, बंद केला आणि गॅसही बंद केला. मग जमिनीवर बसले. मला म्हणाले, "बस." मी बसले.

"लाईनवर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

आत्ताच्या फोनबद्दल ते विचारत नव्हते, हे मला लगेच समजलं. मी सगळं सांगितलं. सिलिंडर, गुडघा, उतू गेलेला चहा, फुटलेलं दार. तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मला मध्ये थांबवून 'पण तू तर तिथे नव्हतीस' असं म्हटलं नाही.

त्यांनी फरशीवर सांडलेलं पीठ तळहाताने एका बाजूला केलं. मग म्हणाले, "मी आयुष्यात एक गोळा उडवला नाय. ऑपरेटर होतो, वायरलेस सेटवर. लोकं तोफा तोफा करत्यात, म्हणून मी बी नाय बोललो."

मग त्यांनी सांगितलं. वर बर्फात एक चौकी होती आणि तिथल्या सेटवर त्यांचा दोस्त होता, सटाण्याकडचा. दोघांनी एकमेकांना सहा महिने नुसतं ऐकलं होतं. एका सकाळी दोस्त तक्रार करत होता की वर साखर पाठवली नाही, चहा कडू लागतो. बोलता बोलता वाक्य अर्धं राहिलं आणि नुसती खरखर सुरू झाली. वर कडा कोसळला होता. सासरे विचारत राहिले, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. संध्याकाळी साहेबाने त्यांच्या कानावरून हेडफोन काढून घेतला.

"तवापासून आवाज नको वाटतो," ते म्हणाले. "घरात सगळे बहिरा समजत्यात. बरं पडतं."

मी रडले आणि लगेच हसलेही, कारण मला ते महागाचं मशीन आठवलं. तेही हसले. त्यांचे सगळे दात मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्या सोमवारी आम्ही मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. नवऱ्याला सांगितलं, बाबांचे कान दाखवायला जातोय. नवऱ्याला कृतार्थ वाटलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी विचारलं, पेशंट कोण? मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं, सासऱ्यांनी माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी दोन केसपेपर काढले.

एका दिवसात काही झालं नाही. गोळ्या होत्या, त्यांनी पहिले पंधरा दिवस मला दुपारी चार वाजताही झोप यायची. दर आठवड्याला बोलणं होतं. मला घरचा अभ्यास असा, की फोन समोर ठेवायचा, सासऱ्यांनी शेजारच्या खोलीतून रिंग द्यायची, आणि घाम ओसरेपर्यंत मी तिथून उठायचं नाही. पहिल्या दिवशी मी मोरीत पळाले. सासऱ्यांना अभ्यास असा, की टीव्हीचा आवाज आठवड्याला एक एक घर वाढवायचा. चौथ्या आठवड्यात त्यांना ती मालिका ऐकू यायला लागली जी ते चार वर्षं बघत होते. ते फार नाराज झाले. सासू सुनेला इतकं टाकून बोलते याची त्यांना कल्पनाच नव्हती. चेहऱ्यावरून त्यांना ती प्रेमळ वाटली होती.

नवऱ्याला शेवटी सांगावंच लागलं. तो आधी चिडला, मग मशीनची पावती शोधायला लागला, मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. बाहेर आल्यावर त्याने वडिलांना विचारलं, त्या दोस्ताच्या घरचं पुढे काय झालं. सासऱ्यांना ते माहीत नव्हतं.

मी आता पुन्हा कामावर आहे. मोठा फोन झाला की मी शेजारच्या मैत्रिणीला सांगते, मला दहा मिनिटं लागतील, आणि खाली जाऊन चहा पिते. असा नियम खात्यात नाही. साहेबांनी एकदा विचारलं, मी सांगितलं, त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. ही त्यांची मंजुरी. आजींचं काय झालं हे मी शोधलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कळलं तर काय कराल?

सासऱ्यांनी मात्र शोधलं. जुन्या ओळखी काढून त्यांनी गाव मिळवलं आणि गेल्या उन्हाळ्यात ते, नवरा आणि मी असे तिघं एसटीने सटाण्याला गेलो. दोस्ताची बायको आता म्हातारी, अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सासऱ्यांनी आपण कोण ते सांगितलं. तिने आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि अहिराणीत विचारलं की शेवटी ते काय बोलले. सरकारी पत्रात ते नव्हतं.

मला वाटलं, सासरे काहीतरी बरं रचून सांगतील. देश, तिरंगा, निदान तिचं नाव. त्यांनी खरं तेच सांगितलं, की साखरेवरून कुरकुरत होता.

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. घरी पण असाच होता, म्हणाली, कितीही घाला, याला कमीच. मग ती चहा ठेवायला आत गेली, आणि सासरे मिरच्यांवर बसायला आलेली चिमणी हाकलत अंगणात उभे राहिले.