मिरच्यांची धुरी

लग्नानंतर मी माजरीला आले तेव्हा मला वाटलं होतं, दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात नळ, नवऱ्याला खाणीत पक्की नोकरी, आणखी काय पाहिजे? माझं गाव गडचिरोलीकडे, धानोऱ्याच्याही आत. तिथे आम्ही घरात गोंडीच बोलायचो. नवराही आमच्यातलाच, पण खाणीच्या कॉलनीत वाढलेला. त्याला गोंडी समजायची, बोलता यायची नाही.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. मग खाणीतल्या दुपारच्या ब्लास्टिंगची, सुरुंगांची भीती बसली. जेवण आवरलं की कान तिकडेच लागायचे. खिडक्या थरथरल्या की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. पुढे पुढे ब्लास्टिंग नसलं तरी तसंच व्हायचं. वाळत घातलेल्या लुगड्यावर कोळशाची भुकटी बसायची, ती झटकता झटकता रडू यायचं. भात तोंडात फिरायचा. केस विंचरायचेही सोडले. दिवसभर बोलायला कोणी नाही म्हणून भांडी घासताना मी एकटीच बोलायचे, गोंडीत. कधी आईशी, कधी मागे राहिलेल्या गाईशी. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

समोरच्या क्वार्टरमध्ये एक बाई राहायच्या. त्यांचा नवरा सुपरवायझर. कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी खिडकीतून ऐकलं आणि माझ्या नवऱ्याला बोलावून सांगितलं, "तुह्या बायकोच्या अंगात आलं बापा. भलत्याच भाषेत बोलून राह्यली."

ती माझ्या आईची भाषा होती. नवऱ्याला ते माहीत होतं. तरी त्याने बाईंना तसं सांगितलं नाही.

दोन दिवसांनी बाईंनी भूत उतरवायला भगत आणला. भरदुपारी दोघी बायकांनी माझे हात मागे धरले आणि बाईंनी स्वतः माझी मान निखाऱ्यांवरच्या मिरच्यांवर दाबली. मी "यायो, यायो" ओरडत होते. "पाहा, पाहा, कोणाले तरी बोलावून राह्यली," बाई म्हणाल्या. यायो म्हणजे आई. नवरा दारात उभा होता.

नंतर कित्येक दिवस डोळे उघडवत नव्हते. त्या दिवसांत मी मरायचा विचार केला नाही. बाईंचाच केला. त्या विचारानेच मी जेवायला लागले, हे खरं आहे.

मला दवाखान्यात नेलं ते बाजारातल्या शिलाईवाल्या आपांनी. ब्लाउजचं माप घेताना माझी वाळलेली कंबर पाहून त्या म्हणाल्या, "बेटा, ये भूत नहीं है. शादी होके बल्लारपूरसे आयी तब मेरे को भी ऐसाच हुआ था." चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण होती. तिने सगळं ऐकून घेतलं. घाई केली नाही. म्हणाली, "जागा बदलली की काहींचं मन आजारी पडतं. हा आजार आहे, बरा होतो." गोळ्या दिल्या आणि आईला रोज फोन करून गोंडीत बोलायला सांगितलं. नवऱ्याला आत बोलावून तिने काय सांगितलं मला माहीत नाही, पण बाहेर आला तेव्हा त्याची मान खाली होती.

दुसऱ्या खेपेला बाई तिथेच गुडघे दाखवायला आल्या होत्या. त्यांनी मला मनाच्या डॉक्टरच्या लाइनीत पाहिलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळलं. पोरं मला पाहून डोक्यापाशी बोट फिरवायला लागली. मी बरी झाले, पोरगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी माझं नाव "ते पागल" हेच राहिलं.

मग बाईंचा नवरा रिटायर झाला. क्वार्टर सोडून दोघं मुलाकडे पुण्याला गेले. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मी अंगणात उभी राहून पाहत होते. मनात म्हटलं, जा, आता तुलाही कळू दे.

वर्ष व्हायच्या आत ते परत आले. भद्रावतीला खोली केली. कोणी म्हणे, बाई जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. मला आनंद झाला. त्या दिवशी मी गोड भात केला.

एका दुपारी बाईच माझ्या दारात उभ्या. अर्ध्या झाल्या होत्या. आत येऊन बसल्या.

"मले झोप येत नाई वो," म्हणाल्या. "तिथी अकराव्या माळ्यावर दिवसभर एकटी. मी बोलली का सून म्हणे, आई, लोकांसमोर असं गावठी नका बोलू, हसतात. मंग मी बोलणंच सोडलं. आता इथी आली तरी छातीत धडधड होते. मले तुह्या डॉक्टरकडे ने."

"काऊन? भगत मेला का?"

त्या रडायला लागल्या. मी पाणी दिलं नाही.

"नेतो," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी कॉलनीच्या स्टॉपवर या. बशीनं जाऊ."

"भद्रावतीवरून आटो करतो ना. इथी सगळ्या ओळखीच्या..."

"बशीनंच. नाई त जाऊ नका."

सोमवारी त्या आल्या. स्टॉपवर कॉलनीतल्या सगळ्या बायका होत्या. कोणीतरी विचारलंच, "बाई, कुठी चालल्या?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा ना बाई," मी म्हटलं.

"डोक्याच्या डॉक्टरकडे," बाई म्हणाल्या. एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"आयकू नाई आलं त्याईले."

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बायका गप्प झाल्या. त्या शांततेसाठी मी किती वर्षं थांबले होते. पोटभर जेवल्यासारखं वाटलं. लाइनीत मी त्यांच्याशेजारी शेवटपर्यंत बसले. त्यांना आधार म्हणून नाही. मला पाहायचं होतं.

गोळ्यांनी बाई सावरल्या. पण मला वाटलं नव्हतं असं काही झालं. स्टॉपवरच्या बायकांपैकी एक आठवड्याभराने पाठच्या दाराने आली आणि विचारू लागली, ती डॉक्टरीण कोणत्या दिवशी बसते. मग दुसरी आली. सुपरवायझरची बायको जाते म्हटल्यावर त्यांना लाज वाटेनाशी झाली. त्यांना मी नीट सांगते, कधी सोबतही जाते. त्यांच्याशी माझं वैर नाही.

बाई अजून महिन्याला माझ्यासोबत येतात. मागच्या खेपेला गोळ्या घेऊन बाहेर आलो तेव्हा म्हणाल्या, "त्या मिरच्यांच्या दिवशीचं तू अजून मनात ठेवलं वो?"

"हो, ठेवलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बस आली, तशा दोघी चढलो.