वेढा कुणी घालायचा

कोल्हापुरात पन्हाळ्याच्या वेढ्याचा खेळ खेळायला हवी तेवढी माणसं मिळतील, पण वेढा घालायला एक मिळणार नाही. हे माझ्या नवऱ्याला खेळ तयार केल्यावर कळलं. मला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

माझा नवरा वारणानगरला कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात पुठ्ठ्यावर लढाया करतो. परदेशातून त्यानं असे खेळ मागवलेत. मोठा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं, आणि पलटणींच्या चौकोनी सोंगट्या. घरं मोजून सोंगटी सरकवायची, समोरासमोर आल्या की फासा टाकायचा. रशियातली थंडी म्हणू नका, वाळवंटातले रणगाडे म्हणू नका, सगळं आमच्या हॉलमध्ये होऊन गेलंय. पण त्याचा जीव अडकला पन्हाळ्यात. शेवटी त्यानं स्वतःच नकाशा काढला, पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत, ओढ्या-खिंडींसकट. गडाच्या बाजूच्यानं महाराजांची पालखी विशाळगडाला पोचवायची, वेढ्याच्या बाजूच्यानं अडवायची. एवढाच खेळ.

पहिल्यांदा त्याचा एक मित्र खेळायला आला. चिठ्ठी टाकली, मित्राच्या वाट्याला वेढा आला. त्यानं आपली अख्खी फौज उचलली आणि ज्योतिबाच्या अंगाला, विशाळगडाच्या उलट्या दिशेला नेऊन ठेवली.

"अरे, वाट मोकळी राहिली की!" नवरा म्हणाला.

"राहू दे की. महाराज सुखरूप जाऊ देत," मित्र म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

पुढचेही सगळे तसेच. एकानं तर पालखी जाताना सोंगट्या बाजूला सारून मुजरा केला. नवऱ्याला खेळ पारखून घ्यायचा होता, आणि इथं शत्रूच फितूर!

हे सगळं माझे वडील खुर्चीवर बसून बघत असायचे. अण्णा गुळाचे व्यापारी. आमच्या जैन घरातल्या पोरीनं बौद्ध घरात लग्न केलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते फक्त माझ्या घरचं अन्नपाणी घेईनासे झाले. आई गेल्यावर रविवारी यायला लागले, बसायचे, आणि पाण्याचा घोटही न घेता उठायचे. दिवस मावळल्यावर ते जेवत नाहीत, त्यामुळे उन्हं उतरली की घर गाठायचे. तिथं आत्या ताट वाढून तयार. जावयाशी बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. आणि मी दर रविवारी दिवसाउजेडी, कांदा-लसूण न घालता स्वयंपाक करून ठेवायचे. बटाटासुद्धा नाही. न जाणो, एखाद्या दिवशी मनात आलं तर! मग रात्री ते आम्ही दोघं खायचो. नवरा एका शब्दानं बोलायचा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एका रविवारी अण्णांना मुजऱ्याचा प्रकार असह्य झाला. मला म्हणाले, "सांग तुझ्या नवऱ्याला, असला पोरखेळ नगो. मी बसतो. गड माझा."

"मग वेढा माझा," नवरा म्हणाला.

आणि ह्या माणसानं खरोखर वेढा घातला! एक फट ठेवली नाही. अण्णांची पालखी कशीबशी निसटली, पण खिंडीच्या अलीकडंच अडकली. अण्णा ताडकन उठले.

"असं घडल्यालंच न्हाय!"

"घडलं नाही, पण घडू शकत होतं," नवरा शांतपणे म्हणाला.

"सांग ह्याला, लाज वाटू दे म्हणावं!" अण्णांनी पायात चपला सरकवल्या आणि गेले.

मी नवऱ्याला धारेवर धरलं. "एक डाव हरला असतास तर काय मिशी उतरली असती व्हय तुझी? माझा बाप ह्या घरात एकदा तरी जेवावा, तेवढं एकच मागणं होतं माझं!"

"मुद्दाम हरलो असतो तर त्यांना कळलं असतं," तो म्हणाला. "मग ते परत आलेच नसते."

असं का! आणि आता कोण येतंय? पुढचे काही रविवार मी स्वयंपाक केला आणि आम्हीच गिळला.

मग एक दिवस अण्णा आले. खुर्चीकडं बघितलंही नाही, सरळ खाली मांडी घातली. "मांडायला सांग त्याला."

दुपारभर खेळ चालला. ह्या खेपेला अण्णांनी पालखी खिंडीपर्यंत आणली आणि खिंडीत मूठभर माणसं रोवली. नवरा धडका देत होता, अण्णा फासा कपाळाला लावून टाकत होते. बाहेर उन्हं पिवळी पडली.

"अण्णा, आत्या वाट बघत असंल," मी म्हणाले. म्हणायला तर हवंच.

"हं," अण्णा म्हणाले, पण हलले नाहीत.

मी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, सावकाश खेळ. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझी खूण कळली. त्यानं एक सोंगटी उचलली, ठेवली, परत उचलली, आणि विचारात पडला. आता घरी जाऊन दिवस असेतो जेवणं अण्णांना शक्यच नव्हतं. त्यांनी खिडकीकडं बघितलं, नकाशाकडं बघितलं.

"काय केलंयस?" त्यांनी विचारलं.

"भाकरी. मुगाची आमटी. दोडक्याची भाजी."

"कांदा?"

"न्हाय."

"लसूण?"

"न्हाय, अण्णा."

"आज काय म्हणून?"

"दर रविवारी असंच असतंय."

अण्णा खाकरले. "वाढ. दिवस हाय तवर."

मी नकाशाच्या कडेला ताट आणून ठेवलं. अण्णांनी हात लावला नाही. बदललं ह्यांचं मन, असं वाटून मी ताट उचलायला वाकले. तेवढ्यात ते मान वर करून थेट नवऱ्याला म्हणाले, "पावणं, बसा की तुमी पण. मी एकटाच जेवू व्हय?"

दुसरं ताट आणायला आत गेले ती ओट्याला धरून रडतच राहिले. बाहेर अण्णा गरजत होते, "अगं, आण की लवकर! दिवस बुडाला तर ह्यांच्यापायी उपाशी झोपाय लागंल मला!"

डोळे पुसत ताट घेऊन आले, तर अण्णा आपल्या भाकरीला हात न लावता तसेच बसले होते.