चादरीखालचा दरवाजा

डिचोलीला बाबाजीमामांचं पत्राकामाचं गॅरेज आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा शिरगावकडचे ठोकलेले टिपर ट्रक तिथे रांगेत असत; त्यात माझ्या पप्पांचाही असे. मामा आधी बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवायचे, कान द्यायचे, मगच हातोडा उचलायचे. आमचं घर रस्त्यापलीकडे. ठोके सुरू झाले की मी आईला सांगायची, मामांनी पप्पांची गाडी कामाला घेतली.

खाणी थांबल्या, टिपर गेले. मग विम्याच्या गाड्याही मामांकडे येईनाशा झाल्या. दोष थोडा त्यांचाच. चेपलेली गाडी रात्रभर तशीच ठेवणं त्यांना जमत नसे. सकाळी नुकसान तपासायला विम्याचा सर्व्हेअर येई तेव्हा चेप गायब आणि क्लेम नामंजूर. दोनदा असं झालं. तिसरा कोणी आला नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या वत्सलाबाईंच्या गाडीचा दरवाजा बसने चेपवला. विमा कंपनीने फोनवर सांगितलं, आमच्या यादीतल्या गॅरेजला न्या. मी सर्व्हेअरच्या ऑफिसात नोकरी करते, म्हणून बाई विचारायला आल्या.

"गौरवी, मला बाबाजीकडेच न्यायची आहे. चालतं?"

"चालतं. गॅरेज तुम्ही निवडायचं. बिल मात्र आधी तुम्ही भरायचं, कंपनी मागून देईल. आणि सर्व्हे होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"म्हणजे बाबाजीला बांधून ठेवायला हवं!"

मी त्यांच्याबरोबर गेले. मामांनी दरवाजा वाजवून पाहिला आणि हात हातोड्याकडे गेला.

"मामा, सर्व्हे उद्या आहे!"

"अगो, अर्ध्या तासाचा काम!"

"बाबाजी," बाई म्हणाल्या, "हाही क्लेम बुडाला तर तुझ्याकडे विम्याची गाडी पुन्हा कधी येणार नाही. माझीसुद्धा."

मामांनी हात मागे घेतला. आतून एक जुनी चादर आणून त्यांनी ती खिडकीच्या काचेत अडकवली. दरवाजा झाकला गेला.

"दरवाजो दिसलो तर हात ऱ्हवचे नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा चादर जागची हलली नव्हती. सर्व्हेअरने ती बाजूला केली, फोटो काढले, मामांचा खर्चाचा अंदाज वाचला आणि कामाला परवानगी दिली. त्याची स्कूटर वळणापर्यंतही पोचली नसेल, तोच ठोके सुरू झाले.

मी बातमी द्यायला घरी फोन लावला. काही बोलायच्या आधीच पप्पा म्हणाले, "काय गो, बाबाजीन हातोडो घेतल्यान?"