काळे फ्लेमिंगो

बारामतीतल्या माझ्या दुकानात मी टी-शर्टच्या छपाईसाठी कॉम्प्युटरवर चित्रातले रंग सुटे करतो. प्रत्येक रंगाची वेगळी पारदर्शक फिल्म निघते आणि रंग कुठलाही असो, फिल्मवर तो काळाच उमटतो. गिऱ्हाइकांना हे समजावून सांगताना माझं डोकं उठतं.

भिगवणचे एक आबा उजनीच्या पाण्यात होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. सगळ्या नावाड्यांसाठी त्यांना फ्लेमिंगोचे टी-शर्ट हवे होते. गुलाबी रंगाची फिल्म उजेडात धरून ते म्हणाले, "ह्याचा तर कावळा केलाय तुमी!"

"आबा, ही नुसती फिल्म आहे. रंग मागून येतो," एवढं तुसडेपणानं म्हणून मी कॉम्प्युटरकडे वळलो.

टी-शर्ट मात्र त्यांना आवडले. त्या खुशीत त्यांनी एका पहाटे मला होडीत बसवलं. धुक्यात पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं, काही कळत नव्हतं. आपण तरंगतोय की झोपेत आहोत, तेही कळेना. मग उगवतीच्या उजेडासमोर फ्लेमिंगोंची रांग दिसली. सगळे काळे.

मी हिरमुसून विचारलं, "आबा, गुलाबी कुठं आहेत?"

आबांनी वल्हं थांबवलं.

"दमा जरा. ही फिल्म हाय."