नांदगावला तोफ वाजली

अख्ख्या नाशकात मला उल्लू बनवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! जन्मभर सायकलचं दुकान चालवलं. वकील म्हणू नका, डॉक्टर म्हणू नका, भल्याभल्यांना टोप्या घातल्या. शाळेत सातवीच्या पुढे गेलो नाही, पण हेडमास्तरला त्याचीच सायकल दोनदा विकली.

तर मागच्या महिन्यात मी उल्लू बनलो. बनवणारा कोण? मीच! बाहेरचा माणूस लागलाच नाही.

आता हसताय काय? आधी ऐका तरी.

गंगापूर रोडला चहाच्या टपरीपाशी आमचा कट्टा आहे. रोज संध्याकाळी चौघं जमतो आणि मेंढीकोट खेळतो. मेंढीकोटाला चार माणसं लागतात. तीन असली की नुसता चहा होतो. एक मी. दुसरे गुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात आणि पत्ते पिसताना तोंडाने मंत्र म्हणतात, म्हणजे कोणाला संशय येत नाही. तिसरा इस्माईलभाई टेलर. आणि चौथा आमचा सुभेदार, देवळाली कॅम्पात तोफखान्यात होता. माणूस रिटायर झाला, आवाज नाही झाला. त्याने चहा मागितला तर पलीकडच्या सिग्नलला गाड्या थांबतात.

या सुभेदाराला ह्या वयात कॉम्प्युटरवर खेळायचा नाद. तोही साधासुधा नाही, इतिहासातल्या लढाया! मागे असाच एक खेळ आणला, तर बेटा दीड महिना कट्ट्यावर फिरकला नाही. आम्ही तिघं पत्ते मांडून बसायचो, वरात दारात आणि नवरदेवच बेपत्ता, तसे.

एक दिवस आला आणि गरजला, "भाऊ, नवा खेळ येतोय! दख्खनचे किल्ले, घाट, रसद, तोफा, सगळं आहे. शुक्रवारी निघतोय. पहिल्याच दिवशी घेऊ का थांबू?"

पुन्हा दीड महिना?

"थांब!" मी म्हटलं. "पहिल्या दिवशी शहाणा माणूस काही घेत नाही. नवी सायकल घ्यायचे लोक आणि आठ दिवसांत ब्रेक घासतो म्हणून परत यायचे."

"अरे पण ती तूच विकायचास ना?"

"म्हणून तर सांगतोय! मला आतलं माहीत आहे."

इस्माईलभाई म्हणाला, "नवं कापड आहे सुभेदार. दुसऱ्याला धुऊ दे आधी. आटतं का, रंग सोडतं का, बघायचं. मग आपण शिवायला टाकायचं."

गुरुजींनी खिशातलं पंचांग काढलं. "शुक्रवारी सकाळी राहुकाळ आहे. खरेदीला वर्ज्य. डाउनलोडला चालतो का, ते शास्त्रात दिलेलं नाही. पण दक्षिणा मिळाली तर शोधून देईन."

"आधी नोंदवला तर राजाला सोन्याची अंबारी फुकट आहे," सुभेदार म्हणाला.

"आणि हत्ती?"

"हत्ती वेगळा घ्यावा लागतो."

बघा! अंबारी फुकट आणि हत्तीला पैसे! मी धंद्यात होतो तेव्हा ही अक्कल कुठे गेली होती? घंटी फुकट दिली असती आणि चाकं वेगळी विकली असती.

मग सुभेदार एकदम हळू बोलला. तो हळू बोलला की आम्ही घाबरतो. म्हणाला, "तीस वर्षं रेंजवर चुना फासलेल्या दगडांवर गोळे टाकले रे. एकदा एखादा किल्ला घ्यावा असं वाटतं."

जरा गलबललंच मला. पण मेंढीकोट म्हणजे मेंढीकोट!

शेवटी ठरलं की आठवडाभर थांबायचं. ज्यांनी खेळ घेतला ते लोक त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर आपलं मत लिहितात. ती मतं सुभेदार वाचणार आणि मग घ्यायचा की नाही ते ठरवणार.

मतं? अहो, मतांचा तर माझ्याकडे कारखाना आहे!

घरी आलो. सूनबाईला म्हटलं, "प्राजक्ता, त्या खेळाबद्दल वाईट लिहायचंय."

"बाबा, खेळ अजून आलाच नाही."

"म्हणून तर घाई. आल्यावर काय, सगळेच लिहितील."

"तसं नाही लिहिता येत. आधी विकत घ्यावा लागतो, थोडा खेळावा लागतो, मग मत देता येतं."

"म्हणजे शिव्या द्यायला पैसे? चौकात उभं राहून फुकट देता येतात की!"

पण मित्राला वाचवायचं तर खर्चाकडे बघून चालत नाही. शुक्रवारी राहुकाळातच खेळ घेतला. सूनबाईने पोराच्या कॉम्प्युटरवर खातं उघडून दिलं. नाव मीच सांगितलं, 'निःपक्षपाती ग्राहक'. "फोटो टाकू का?" तिने विचारलं. "टाक एखादा," मी म्हटलं. माझं लक्ष स्क्रीनकडे.

बेत सोपा होता. पाच मिनिटं खेळ उघडायचा, चार शिव्या लिहायच्या, बंद करायचा.

उघडला. समोर आपल्या रामशेजसारखा एक डोंगर. वर किल्ल्यात उपाशी शिबंदी, आणि खालून धान्य लादलेले बैल घाट चढतायत. आता तुम्हीच सांगा, बैल अर्ध्या घाटात सोडून उठायचं? माणुसकी आहे की नाही? बैल वर पोचवले. तेवढ्यात पलीकडून शत्रू आला. त्याला हाकलला. मेल्याने जाताजाता विहीर बुजवली. आता विहीर नको का उपसायला?

शनिवारी कट्ट्याची वेळ झाली तेव्हा मी शेजारच्या राजाकडून खंडणी वसूल करत होतो.

सुभेदाराचा फोन. "कुठे आहेस?"

"नांदगावला," ठोकून दिलं. "बहिणीचा गुडघा धरलाय."

रविवारी गुडघा सुजला. सोमवारी डॉक्टर बदलला. मंगळवारी माझं फोनवरचं बोलणं ऐकून बायको म्हणाली, "बहिणीचा गुडघा खरंच दुखत असता तर एवढं लक्ष दिलं असतं का?"

बुधवारी भर वेढ्यात पुन्हा सुभेदार फोनवर. "भाऊ, मागे धडाम धडाम काय वाजतंय?"

"शेजारी लग्न आहे. फटाके."

तो म्हणाला, "फटाका नाही हा. तोफ आहे. आणि दगडावर लागतेय, तटावर नाही. नवरदेवाला म्हणावं, जरा उजवीकडे घे."

फोन ठेवला. तोफ जरा उजवीकडे घेतली. दुसऱ्याच गोळ्याला तट पडला! आता बोला!

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं झाल्यावर निदान खरं तरी लिहायचं. छे! माझं म्हणणं असं की मी एकटा खेळलो तर दुपारी खेळेन आणि संध्याकाळी पत्त्यांना जाईन. दोघं खेळायला लागलो तर कट्टा उठलाच समजा. केवढा उदात्त विचार! गुरुवारी सकाळी लिहून टाकलं, "अत्यंत रटाळ खेळ. दोन मिनिटंसुद्धा बघवत नाही. बैल मरतुकडे, तोफा खोट्या. सुज्ञांनी आपला पैसा वाचवावा."

शुक्रवारी संध्याकाळी नांदगावहून परत आल्यासारखा पिशवीबिशवी घेऊन कट्ट्यावर गेलो. तिघं बसलेलेच होते.

"काय सुभेदार, वाचली का मतं?"

"वाचली. काल सकाळीच एकाने लिहिलंय." सुभेदाराने मोबाईल काढला आणि माझंच मत मला खणखणीत वाचून दाखवलं. सिग्नलच्या गाड्या थांबल्या.

"बघ!" मी म्हटलं. "शहाणा माणूस दिसतोय."

"फेटा पण छान बांधलाय," इस्माईलभाई म्हणाला.

"कोणी?"

"ह्या शहाण्याने."

मोबाईल हातात घेतला. निःपक्षपाती ग्राहक, आणि शेजारी पोराच्या लग्नातला फेटा घातलेला माझा हसरा फोटो! मला वाटलं होतं तो फोटो आपल्या आपल्यात राहतो.

"चेहरेपट्टी मिळते हो कधीकधी," मी म्हटलं.

"असेल," गुरुजी म्हणाले. "जगात एकाच चेहऱ्याची सात माणसं असतात. त्यातला एक कालपर्यंत नांदगावला होता."

सुभेदाराने माझ्या मताच्या वर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, खेळलेला वेळ एकसष्ट तास.

मेल्यांनी तास मोजले! दुकानदाराने गिऱ्हाईकाचे तास मोजायचे आणि चारचौघांत फळ्यावर लिहायचे, असा धंदा मी जन्मात केला नाही!

गुरुजींनी पत्ते वाटले. सुभेदाराने आपले पत्ते उचललेच नाहीत. तो उठला, पँट झटकली.

"मत वाचलं तेव्हा म्हटलं, जाऊ दे, नाही घेत," तो म्हणाला. "मग तास वाचले. मेंढीकोटाच्या दुसऱ्या डावाला कंबर धरून उठणारा माणूस जिथे एकसष्ट तास बसला, तो खेळ काय असेल! कालच दुपारी घेतला. आता ऊठ. वरच्या घाटात माझे बैल अडकलेत, ते कसे सोडवायचे ते दाखव. का त्यासाठी नांदगावला गुडघ्याला फोन लावू?"