पित्राचं उरलेलं अन्न : सिन्नरजवळच्या एका वस्तीवर

शोभाताईचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. ती माझी मावसबहीण, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. म्हणाली, "अरे, यंदा पितर म्हणून बसायला माणूसच मिळेना. दरवर्षीचे नाना खुब्याचं हाड मोडून पडलेत, आणि त्या तिथीला गावात घरोघरी पित्रं. तू येतोस का?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या तिथीला एखाद्याला त्याच्या जागी जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, तो जेवला की पितर जेवला. ताईच्या सासऱ्यांच्या जागी मला बसायचं होतं. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. शिवाय नाशिकच्या आसपास खरी शेती, गुरंढोरं, चुलीवरचं जेवण कुठे बघायला मिळेल, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत असता. म्हटलं, दोन्ही होईल. सुट्टी टाकली आणि निघालो.

नाशिकहून सिन्नरला एसटी भरपूर. हायवे चांगला असल्याने तासाभरात पोचता येतं. पुढे वस्तीकडे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असणाऱ्याने स्वतःची गाडी न्यावी आणि जीपने जाणाऱ्याने सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. शेवटचा टप्पा कच्चा आहे, मध्ये एक ओढा लागतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

वस्ती म्हणजे पत्र्याचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, बाजूला गोठा. जमीन तीन एकर. मका कणसावर आलेला, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, एका वाफ्यात कांद्याचं रोप. चार शेळ्या, काही कोंबड्या आणि एक गाय. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चंद्री. ती आठ महिन्यांची गाभण होती आणि दूध आटवलेलं होतं. त्यामुळे गोठा असलेल्या घरात चहाला पिशवीचं दूध होतं, आणि ताई ते ओशाळून सांगत होती. "दिवाळीला ये, मग खरवस खा," म्हणाली.

ताईच्या सासूबाईंना सगळे आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. पंचाहत्तरीच्या आहेत, पाठीत वाकलेल्या. चंद्रीची आई तिला जन्म देऊन मेली तेव्हा आत्याबाईंनी तिला बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. अजूनही चंद्री पहिला घास त्यांच्याच हातचा घ्यायची. संध्याकाळी मी चारा टाकायला गेलो तर तिनं मान फिरवली.

"माझ्याबिगर खात नाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "नाटकी हाय लय."

"तूच तिला बिघडवली," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. "आम्हाला लहानपणी असं भरवलं असतंस तर आज आमदार झालो असतो."

"तुला भरवलं ते बी वायाच गेलं," आत्याबाई म्हणाल्या.

रात्रीचं जेवण बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि शेपूची भाजी. असं जेवण हॉटेलात मिळत नाही. लवकर झोपलो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाक होता.

पित्राच्या दिवशी उजाडल्यापासून पाऊस धरला. ताई आणि शेजारच्या दोघी चुलीपुढे बसल्या. पुरणपोळी, गुळवणी, आमटी, भात, खीर, कढी, गवारीची आणि भोपळ्याची भाजी, भजी, कुरडया. अर्ध्या गावाला पुरेल एवढा स्वयंपाक. दुपारी मला पाटावर बसवलं. दाजींनी पाय धुतले, गंध लावलं, डोक्यावर टोपी ठेवली. चुलीतले निखारे काढून त्यावर तूप आणि घास टाकले. याला आगारी म्हणतात. धूर वर गेला तशी आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"आता तुम्ही आमचे वडील," दाजी माझ्या पाया पडत म्हणाले. "वरून आलाच आहात तर कांद्याला भाव कधी येनार तेवढं सांगून जा."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या पाटावर आपण दुसऱ्या कुणासाठी जेवतो आहोत, ही जाणीव प्रत्येक घासाला राहते.

गाईचं पान आधीच वाढून झालं होतं. केळीच्या पानावर सगळ्याचा थोडा थोडा घास, तोही आत्याबाईंच्या हातून. मग पंगती बसायच्या, पण माणसंच येईनात. ओढ्याला पाणी चढलं होतं. पलीकडची भावकी पलीकडेच अडकली, आणि अलीकडच्यांना स्वतःच्या घरची पित्रं. निम्मीही पंगत झाली नाही. संध्याकाळी पातेलंभर भात, पुरण, खीर, पोळ्यांची चळत आणि भिजवलेल्या कणकेचा मोठा गोळा तसाच उरला होता.

"खड्ड्यात टाकू," ताई म्हणाली. "नाहीतर कुत्री आहेत."

"पित्राचं अन्न कुत्र्याला?" आत्याबाई एवढंच म्हणाल्या.

ताई थकून आडवी झाली, दाजी ओढ्याचं पाणी बघायला गेले. मी ओट्यावर होतो. पाऊस थांबून पिवळं ऊन पडलं होतं. आत्याबाई घमेलं कमरेवर घेऊन गोठ्याकडे चालल्या होत्या. गव्हाणीपाशी उभ्या राहून त्या घास करून भरवत होत्या आणि काहीतरी बोलत होत्या. मला ते दृश्य सुंदर वाटलं. मी फोटो काढला. तो इथे दिलेला नाही.

सकाळी चंद्री उठेना. रवंथ बंद. डावी कूस फुगलेली, हात लावला तर आत पखालीसारखं डचमळत होतं. दात करकर वाजवत होती. शेण पातळ, त्याला आंबलेल्या पिठाचा वास. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. दाजींनी गोडेतेलात हिंग कालवून पाजलं. कालच्या अन्नाचं कुणीच बोललं नाही, कारण ते तिनं किती खाल्लं हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं.

गुरांच्या डॉक्टरांना ओढ्यामुळे यायला दुपार झाली. मोटारसायकल पलीकडे लावून गुडघाभर पाण्यातून आले. तिशीचा मुलगा असेल. गाईच्या पोटाला कान लावला, शेण हातात घेऊन हुंगलं आणि विचारलं, "काल काय घातलं हिला?"

"नेहमीचंच," दाजी म्हणाले. "मका, थोडी पेंड. आन पित्राचं पान."

"नुसतं पान?"

माझ्या डोळ्यांपुढे ते घमेलं आलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या.

"मी घातलं समदं. भात, पुरण, कणीक. पितरांचं व्हतं. गाईच्या मुखी गेलं म्हंजे त्येंला पोचतं. उकिरड्यावर टाकू का?" आवाजात अजून ताठा होता.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघत म्हणाले, "आजी, गाईच्या पोटात शिजलेलं एवढं अन्न गेलं की ते आंबतं, आम्ल होतं, रक्तात जातं. या पंधरवड्यात दरवर्षी बघतो मी. एक घास द्यायचा. उरलेलं पुरायचं."

त्यांनी नळीनं सोड्याचं पाणी पाजलं, सलाईन लावलं. ताई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दाजींनी हळूच विचारलं, "वासरू तरी?"

"अजून दिवस भरले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नाही जगायचं."

ऊन उतरायच्या आत चंद्री गेली. शेवटी तिनं मान उचलून आत्याबाईंच्या हाताकडे तोंड नेलं. हात रिकामा होता. आत्याबाईंनी तो पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीनं बांधाशी खड्डा केला. ताईनं मिठाच्या गोण्या आणल्या. माती लोटण्याआधी आत्याबाईंनी हळदीकुंकू वाहिलं आणि गरोदर बाईची भरतात तशी गाईची ओटी भरली. नंतर दावं सोडून हातात घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तू देवाधर्माचं करतोस रोज. सांग, ही गोहत्या झाली का?"

मी म्हणालो, "आत्याबाई, देव मन बघतो. तुमचं मन चांगलं होतं."

"मन कुनाचं वाईट असतं रे?" त्या म्हणाल्या. "गाय तर मेली ना."

जुनी रीत त्यांना पाठ होती. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या हातून दाव्याचा फास बसून बैल गेला, तेव्हा त्यांनी ती पाळली होती. ज्याच्या हातून जनावर जातं त्यानं त्याचं दावं गळ्यात अडकवायचं, माणसाचं बोलायचं नाही, गुरासारखं हंबरून भीक मागायची आणि त्र्यंबकला कुशावर्तात बुडी मारायची. दाजी चिडले. "आई, असलं आता कोन करतं? लोक हसतील."

"हसू दे. त्येंच्या दारात काय मेलंय?"

ओढा उतरला होता. शेवटी असं ठरलं की मला नाशिकला परतायचंच आहे, तर मी त्यांना त्र्यंबकला नेऊन आणीन. दावं पिशवीत. जीपमध्ये बसल्यापासून आत्याबाईंनी बोलणं बंद केलं.

नाशिकच्या स्टँडवर त्र्यंबकच्या गाडीला वेळ होता. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, पितृपक्षात या गाड्यांना मोठी गर्दी असते, लवकर रांगेत लागा. मी रांगेत उभा राहिलो आणि मागे वळून बघतो तर आत्याबाईंनी पिशवीतून दावं काढून गळ्यात घातलेलं. पदर पसरून त्या माणसांपुढे उभ्या राहत होत्या. एका कॉलेजच्या पोरानं मोबाईलवरची नजर न काढता नाणं टाकलं. एका बाईनं बिस्किटाचा पुडा दिला आणि मुलाला जवळ ओढलं. "आजी, पुढं व्हा, पुढं व्हा," फळवाला म्हणाला. गाड्यांच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात आत्याबाई तोंड उघडून खालच्या पट्टीत हंबरल्या. गर्दीत कुणाच्या कानावर गेलं नसावं. मी मात्र ऐकलं. मी त्यांच्याजवळ गेलो नाही, कारण त्यांना ते एकटीनंच करायचं होतं. थोडी लाजही वाटली, तेही लिहून टाकतो.

त्र्यंबकला उतरून कुशावर्तापर्यंत पायी जाता येतं. पायऱ्या शेवाळानं निसरड्या होत्या, वृद्धांना हात धरूनच उतरवा. एका गुरुजींनी संकल्प सांगायला घेतला. कशासाठी, म्हणाले. मीच सांगितलं, हातून गाय गेली. त्यांनी गाईचं म्हणून सगळं नीट केलं आणि पुढच्या माणसाकडे वळले, कारण मागे रांग होती. आत्याबाईंनी बुडी मारली, वर आल्या, ओल्या लुगड्यात थरथरत पायरीवर बसल्या. मी घोंगडी दिली.

"आता बरं वाटतंय का?"

त्या दिवसात त्या पहिल्यांदाच बोलल्या. "त्यो एकच म्हनला. पोटातल्याचं काय?"

मी गुरुजींना शोधायला मान वळवली. तेवढ्यात त्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. या वेळी मंत्र नव्हता, संकल्प नव्हता. वर आल्यावर मी घोंगडी पुन्हा त्यांच्या खांद्यावर टाकली.

रात्री त्या आमच्याकडे राहिल्या, सकाळी दाजी येऊन घेऊन गेले. या प्रवासाला खर्च म्हणाल तर भाड्यापलीकडे काही आला नाही. जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत, जेवण तर विचारूच नका. पण मुलांना घेऊन जा म्हणून पत्ता द्यायला माझा हात होत नाही.

मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो. हल्ली तिथे बसलो की एक प्रश्न येतो. आत्याबाईंनी गाईला दिलं ते देवापितरांनाच दिलं, असं त्या समजत होत्या, आणि मीही जन्मभर तेच समजत आलो. मग ते कुणाच्या पोटात गेलं? दिवा मात्र लावतो.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. दाजींनी बाजारातून एक कालवड आणली आहे, तांबडी, गरीब स्वभावाची. मला बरं वाटलं. विचारलं, आत्याबाईंचं काय? ताई म्हणाली, गोठ्यात पाऊल टाकत नाहीत. चारा नाही, पाणी नाही, कोंबड्यांना दाणेसुद्धा टाकत नाहीत. अंगणातून जाताना दोन्ही हात पदराखाली धरतात. आदल्या दिवशी कालवड भुकेनं ओरडत होती. चाऱ्याची पेंढी त्यांच्या पायाशीच पडली होती. त्यांनी ती ओलांडली आणि घरात हाक मारली, "शोभा, तुझं जनावर वरडतंय."